खुंटीपासून किती लांब उभे राहाल?

शिरूरची बॅच असो की दौंडची, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, आमच्या घरात कुणी धंदा केला नाही, आपल्याला नाही जमायचं." माझं स्पष्ट मत आहे, हे खरं नाही. आणि हे एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्याच देशात तपासून बघितलंय.

डेव्हिड मॅक्लेलंड हार्वर्ड विद्यापीठात शिकवायचे. काही माणसांना काम पुढे न्यायची ओढ का असते, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. 1964 मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या सरकारी संस्थेत या ओढीचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली. पुढे दिसलं, की शिकलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त हालचाल केली, धंदा वाढवला. जुन्या चालीरीती आड आल्या नाहीत. म्हणजे ही वृत्ती शिकता येते. आपल्याकडे 1988 पासून एमसीईडी उद्योजकता शिकवते, त्यातही हा विषय असतो.

त्यांचा एक खेळ आहे. खुंटीत रिंग टाकायची, उभं कुठे राहायचं ते तुम्ही ठरवा. कुणी खुंटीला चिकटून उभा राहतो, कुणी लांबून नशिबावर फेकतो. ज्याच्यात ती ओढ असते तो मध्ये उभा राहतो: अवघड, पण प्रयत्नाने जमेल असं अंतर.

म्हणूनच "मोठं स्वप्न बघा, उडी मारा" या भाषणांवर माझा आक्षेप आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीची गर्दी बघून जमीन गहाण टाकायची आणि थेट मोठं हॉटेल काढायचं, ही लांबून फेकलेली रिंग. पाच मोबाईल दुकानांशेजारी सहावं टाकणं म्हणजे खुंटीला चिकटणं. कामगारांच्या 30 डब्यांपासून सुरुवात करा, तीन महिने हिशोब बघा, मग 60 करा. हे मधलं अंतर. फसलं तरी सातबारा शाबूत राहतो.

मॅक्लेलंड आणखी एक सांगायचे: अशा माणसाला आपल्या कामाचा निकाल लगेच कळायला हवा असतो. आपला निकाल गल्ल्यात असतो. तो रोज रात्री वहीत उतरवा.

आजचा होमवर्क: धंद्यात किती पैसे घालणार ते लिहा. त्याखाली लिहा, ते बुडाले तर घरातलं काय थांबेल. पोरांची फी किंवा आईची औषधं थांबणार असतील, तर खुंटीच्या दोन पावलं जवळ या.