आठवीच्या वर्गातील एकटेपण

जूनमध्ये शाळा उघडल्या की अनेक खेड्यांतील मुलांचा रस्ता बदलतो. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते आणि आठवीसाठी मोठ्या गावातले हायस्कूल गाठावे लागते. वसमत तालुक्यातील हट्टा असो वा मराठवाड्यातले दुसरे कोणतेही मोठे गाव, पहिल्या घंटेला अनोळखी चेहऱ्यांचा एक मोठा वर्ग भरतो. सात वर्षे एका बाकावर बसलेले दोघे वेगवेगळ्या तुकड्यांत जातात. गणवेश, पुस्तके, एसटीचा पास यांची तजवीज घरचे करतात. ‘मधल्या सुट्टीत कोणासोबत जेवतोस?’ हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आरोग्याचा आहे. तेरा-चौदाव्या वर्षी घरच्या कौतुकापेक्षा सोबत्यांचा शब्द जिव्हारी लागतो. लंडनमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात संगणकावरील चेंडूफेकीच्या साध्या खेळातून सहभागींना मुद्दाम वगळले. तेव्हा प्रौढ स्त्रियांपेक्षा किशोरवयीन मुलींचे मन अधिक खट्टू झाले. खोट्या खेळाने एवढे होत असेल, तर रोजच्या वर्गात एकटे पडण्याचे काय? सकाळी शाळेच्या वेळेलाच दुखणारे पोट, वारंवार उठणारी डोकेदुखी, उडालेली झोप ही अनेकदा त्याचीच भाषा असते.

एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातील सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. माध्यमिक वर्गांत गेल्यावर शालेय आणि वैयक्तिक आयुष्याबद्दलचे समाधान घटते, असे तीत आढळले. वर्गात प्रश्न विचारायला कचरणारे विद्यार्थी २८ टक्के होते. ज्याला वर्गात आपले माणूस नाही, तो हात वर करणार कसा?

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच देशात तपासला गेला आहे. गोव्यातील ‘संगत’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांच्या चाचणीत नववीच्या मुलांसाठीचा एक उपक्रम तपासून पाहिला. भित्तिपत्रक, परिपाठातील चर्चा, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी, दांडगाईविरुद्ध नियम आणि गरज पडल्यास एकट्याशी बोलणे, असे त्याचे साधे स्वरूप होते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जिथे या कामासाठी प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमला होता, तिथे शाळेचे वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दांडगाई घटली. जिथे हेच काम शिक्षकांवर सोपवले, तिथे फरक पडला नाही. शिक्षकांना कळकळ नव्हती, असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल. अध्यापन, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यात दिवस संपणाऱ्या माणसावर आणखी एक जबाबदारी टाकली की ती कागदावरच राहते.

आपल्याकडे तक्रारपेटी बंधनकारक आहे, सखी सावित्री समित्याही आहेत. पण पेटी कोण आणि कधी उघडतो, चिठ्ठी लिहिणाऱ्याशी पुढे कोण बोलतो, यावरच तिचे मोल ठरते. म्हणून निदान दोन-तीन शाळांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक शासनाने द्यायला हवा. तो येईपर्यंत शाळांनीही थांबू नये. तुकड्या पाडताना एका गावची दोन मुले तरी एकत्र राहतील असे पाहावे. पहिल्या महिन्यात बाकांवरच्या जोड्या बदलत्या ठेवाव्यात. त्याच बसने येणाऱ्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला नव्या मुलाचा सोबती नेमावे. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला गेल्यावर आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांवर विशेष लक्ष ठेवावे.

घरच्यांनी गुणांआधी मित्राचे नाव विचारावे. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प राहिले, शाळा टाळू लागले, तर त्याला नाटकी ठरवू नये. ग्रामीण रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये सल्ला मिळतो. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे, मुलांसाठी १०९८ आहे. मरणाची भाषा कानावर आली तर त्याच क्षणी मदत घ्यावी, मुलाला एकटे सोडू नये.

दहावीच्या निकालाची काळजी आपण आठवीपासून करतो. त्या वर्गात मुलाला कोणी हाक मारते का, याची चौकशी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी.