सायकल हलकी, मन जड



गेल्या काही वर्षांत आपल्या सांगली-जयसिंगपूर-कोल्हापूर भागात सायकलचे वेड चांगलेच पसरले आहे. रविवारी पहाटे हेल्मेट घातलेल्या मंडळींची रांगच्या रांग रस्त्याला लागलेली दिसते. कुणी पन्हाळ्याचा घाट चढायला जाते, कुणी कुंभोजच्या बाहुबलीला दर्शन घेऊन नाश्त्याच्या वेळेपर्यंत घरी परतते. त्यात आता आपल्या बायकाही आहेत. चाळिशी-पन्नाशीतल्या, नातवंडे असलेल्यासुद्धा. ज्यांना गल्लीच्या टोकापर्यंत जायचे तरी सोबत लागायची, त्या आज तीस-चाळीस किलोमीटर जाऊन येतात आणि मग घरी येऊन पोळ्या लाटतात. याचे मला मनापासून कौतुक आहे. सायकलला पेट्रोल लागत नाही, धूर होत नाही, शरीर धड राहते, डोके शांत राहते. आपल्या आचार-विचारांना इतका जवळचा व्यायाम दुसरा सापडणार नाही.

पण याच सायकलीला सध्या एक दुखणे जडले आहे आणि त्याबद्दल घरातल्या बाईने बोललेच पाहिजे असे मला वाटते. ते दुखणे म्हणजे दाखवणे. तुझी कुठली, माझी कुठली, कितीची, किती किलोची, आणि आता पुढची कुठली.

ज्यांच्या घरात हे अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रोड बाइक म्हणजे बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, रस्त्यावर पळायची सायकल. चांगली, टिकाऊ, ॲल्युमिनियमची रोड बाइक तीस-चाळीस हजारांच्या आसपास येते. त्यावर माणूस वर्षानुवर्षे आनंदाने फिरू शकतो. पण ग्रुपमध्ये गेले की कळते, गिअरच्या सामानाच्या पायऱ्या असतात. शिमानो कंपनीचेच घ्या: खाली क्लॅरिस, मग सोरा, टियाग्रा, त्यावर वन-ओ-फाइव्ह, अल्टेग्रा आणि सगळ्यात वर ड्युरा-एस. प्रत्येक पायरीला किंमत वाढते. मग ॲल्युमिनियमचा सांगाडा जाऊन कार्बनचा येतो आणि आकडा दीड-दोन लाखांच्या पुढे सरकतो. मग कार्बनची उंच रिमची चाके, मग बॅटरीवर बदलणारे गिअर. शेवटी सायकलची किंमत दारातल्या चारचाकीशी बरोबरी करू लागते.

यात गंमत अशी की एक वस्तू बदलली की तिच्याबरोबर दुसरी बदलावीच लागते. मागे अकरा चकत्या होत्या, नव्या सामानात बारा आल्या. मग जुनी चेन चालत नाही, जुना गिअरचा खटका चालत नाही. रिमला दाबणारे ब्रेक जाऊन डिस्क ब्रेक आले, तर जुनी चाके नव्या सांगाड्यात बसत नाहीत. आपण स्वयंपाकघराचा ओटा बदलायला घेतो, मग टाइल्स जुन्या दिसतात, मग कपाटे, मग खिडकीचे पडदे, तसेच हे. फरक एवढाच की ओट्यावर सगळ्या घराचा स्वयंपाक होतो.

सायकलवाल्यांमध्ये एक विनोद फिरतो. माणसाकडे किती सायकली असाव्यात? तर आज आहेत त्यापेक्षा एक जास्त. आणि त्याचा उरलेला अर्धा भाग असा की बायको सोडून जाईल त्या आकड्यापेक्षा एक कमी. हसायला ठीक आहे. पण नीट पाहिले तर या विनोदात घरातल्या बाईचे काम एकच आहे, अडवण्याचे. पैसा घराचा, निर्णय एकाचा, आणि बोलली तर ती कटकटी. साड्या-दागिन्यांवरून आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलणी खाल्ली आहेत. लग्नात कुणाच्या अंगावर काय होते यावर चार दिवस बोलणाऱ्या बायकांना ‘यांना दुसरे विषयच नाहीत’ असे म्हटले गेले. मग चहाच्या टपरीवर सायकल उचलून वजनाचा अंदाज घेणाऱ्या पुरुषांचे काय? बोटाने चाक फिरवून त्याचा किर्रर्र आवाज ऐकवणे आणि नव्या पाटल्या वाजवून दाखवणे यात मला तरी फरक दिसत नाही. आणि आता आपल्या काही मैत्रिणीही याच रांगेत लागल्या आहेत, म्हणून हा फक्त ‘अहों’चा विषय राहिलेला नाही.

खर्चाची बाजू मांडताना सगळ्यात मोठे कारण दिले जाते ते वजनाचे. ‘हलकी सायकल घाटात पळते.’ खरे आहे, पण किती पळते ते आपल्या किराण्याच्या हिशोबासारखे मांडून पाहू. माणूस सत्तर किलो, सायकल दहा किलो, पाणी-सामान दोन किलो. एकूण ८२. यातला एक किलो कमी करायला लाखभर रुपये सहज लागतात. घाट चढताना बहुतेक ताकद वजन वर न्यायला जाते, म्हणजे फायदा साधारण तेवढ्याच प्रमाणात, शेकडा सव्वा. ज्याला घाट चढायला चाळीस मिनिटे लागतात त्याची जेमतेम अर्धा मिनिट वाचली. सपाट रस्त्यावर तर वजनाचा फरक जवळजवळ नाहीच. तिथे खरा अडथळा वाऱ्याचा, आणि त्यातला मोठा वाटा सायकलचा नसून बसलेल्या माणसाच्या शरीराचा असतो. भरलेली मोठी पाण्याची बाटली पाऊण किलोची होते. दोनाऐवजी एक बाटली नेली आणि वाटेत पुन्हा भरून घेतली तरी तेवढे काम होते. फुकटात.

आणखी एक गोष्ट. जागतिक सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, २००० सालापासून शर्यतीच्या सायकलला ६.८ किलोची किमान मर्यादा घालून दिली आहे. जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूंनाही त्याहून हलकी सायकल शर्यतीत चालत नाही. जे रोज पाच-सहा तास सायकल चालवून पोट भरतात त्यांना मर्यादा आहे. आपल्याला मात्र शंभर-दोनशे ग्रॅमसाठी झोप लागत नाही.

तुम्हाला एक खरी घटना सांगते, ती मला फार आवडते. ग्रॅम ओब्री नावाचा स्कॉटलंडचा एक सायकलपटू. एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम सायकलच्या जगात फार मानाचा समजला जातो. इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरच्या नावावर तो १९८४ पासून होता. ओब्रीने स्वतःच्या हातांनी सायकल बनवली आणि तिच्यात चक्क कपडे धुण्याच्या मशीनमधले बेअरिंग वापरले. १९९३ मध्ये त्या सायकलवर त्याने तासाभरात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून विक्रम मोडला. आपल्या घरातल्या वॉशिंग मशीनकडे त्या दिवसापासून मी थोड्या आदराने पाहते!

उलट बाजूही मांडायला हवी. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी चांगली वस्तू घ्यावी. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची जवळजवळ पाच हजार किलोमीटरची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. अशा माणसाच्या सायकलचा प्रत्येक भाग महत्त्वाचा असतो. ज्याची पाठ दुखते, ज्याला सांगाडा मापाचा नाही, ज्याचे ब्रेक धोक्याचे झाले आहेत, त्यानेही बदल करावा. मेहनतीच्या पैशाने एकदाच मनासारखी सायकल घेऊन ती दहा वर्षे चालवणाऱ्याबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दोन वर्षांत तीन सायकली बदलून रविवारचे अंतर तेवढेच ठेवणाऱ्यांबद्दल.

यात पैशापेक्षा मोठे नुकसान माणसांचे होते. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी मुलाची जुनी, जाड टायरची गिअरची सायकल घेऊन ग्रुपमध्ये येत होत्या. मागे राहायच्या, पण यायच्या. कुणी त्यांना टाकून बोलले नाही. फक्त दर रविवारी कुणी ना कुणी काळजीने म्हणायचे, ‘वहिनी, एवढ्या जड सायकलवर कशाला त्रास घेता, एक रोड बाइक घेऊन टाका की.’ घेऊन टाका! मुलीची फी आणि घराचा हप्ता भरणाऱ्या बाईने ‘घेऊन टाकायची’ वस्तू आहे का ती? चार-पाच महिन्यांनी त्या येईनाशा झाल्या. आता विचारले की म्हणतात, गुडघा दुखतो. गुडघा सायकल चालवताना बरा होता. ज्या खेळाने एका बाईला घराबाहेरची मोकळी हवा दिली, त्याच खेळातल्या बडेजावाने ती हवा काढून घेतली. माझ्या दृष्टीने खरा मुद्दा हा आहे.

आपल्या घरांत परिग्रह-परिमाण व्रत नवे नाही. आपली आजी ठरवायची, पातळे इतकी, भांडी इतकी, सोने इतके. त्यापुढे नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून म्हणजे आसक्तीवरून केली आहे. म्हणून एकच साधी सायकल असलेल्या माणसाचे मनही दुसऱ्याच्या सायकलीत अडकलेले असू शकते, आणि चांगली सायकल असलेला माणूसही तिच्याकडे निव्वळ साधन म्हणून पाहू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे. सायकलवर ओरखडा पडला तर दिवस खराब होतो का? दुसऱ्याने नवी आणली की आपली, जी कालपर्यंत छान होती, ती जुनी वाटू लागते का? वाटत असेल तर दुरुस्तीची गरज सायकलला नाही.

खरेदीच्या वेळी आपल्या बायकांनी एका गोष्टीकडे जरूर लक्ष द्यावे. शौकिनांमध्ये चामड्याच्या सीटला फार मान आहे. इंग्लंडच्या ब्रुक्स कंपनीची चामडी सीट मिरवण्याची वस्तू समजली जाते. त्याच कंपनीची रबर आणि कापडाची सीटही मिळते. हँडलच्या पट्ट्या, हातमोजे, बूट यांतही चामडे असू शकते, आणि वाटेत खायच्या चघळायच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन. महाग म्हणजे चांगले असे समजून डोळे मिटून घेतले की हे घरात येते. त्यापेक्षा खजूर, चिक्की आणि शेंगदाण्याचा लाडू खिशात टाका.

मला वाटते, घराघरांत आणि ग्रुपमध्ये काही साध्या मर्यादा ठरवता येतील. सायकलचा मोठा खर्च घरात बसून, दोघांनी बोलून ठरवावा, आणि ज्याने घेतली त्याने आधी वर्षभर ती नियमाने चालवावी, मगच बदलाचा विषय काढावा. पैसे खर्च करायचेच तर आधी हेल्मेट, पुढचे-मागचे दिवे, चांगले टायर आणि आपल्या मापाला सायकल बसवून घेणे यांवर करावे. आपल्या रस्त्यांवर जीव यांनीच वाचतो. नवी आली की जुनी गॅलरीत गंजत ठेवू नये, शाळा-कॉलेजला जाणाऱ्या एखाद्या मुलीला द्यावी. ग्रुपवर फोटो टाकावा तो डोंगराचा, मंदिराचा, सोबत्यांचा. किंमत आणि वजन टाकू नये. आणि कुणी भेटले की ‘कितीला पडली?’ ऐवजी ‘आज कशी झाली राइड?’ असे विचारावे.

लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या राइडची एक पद्धत इथे घेण्यासारखी आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस तास अशी मुदत असते. मुदतीत जो पोहोचला तो पोहोचला. पहिला-दुसरा असा नंबर काढलाच जात नाही. महागड्या कार्बनवर आलेला आणि साध्या सायकलवर आलेला, दोघांची नोंद सारखीच.

आपल्या रविवारच्या राइडलाही हाच नियम लावून पाहूया. आणि एक रविवार असा ठरवूया की सगळ्यात मागे असणाऱ्या बाईच्या वेगाने सगळा ग्रुप जाईल. त्या वहिनींना मी या रविवारी बोलवायला जाणार आहे. तुमच्याही ओळखीत अशी कुणी घरी बसली असेल, तर तिची जुनी सायकल पुसून, हवा भरून द्या आणि तिला सोबत घेऊन या.