शार्कवरचा खटला आणि कॅमेऱ्याचा न्याय

कोर्टात आरोपीला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. निदान कायद्याच्या पुस्तकात तरी तसे लिहिलेले आहे. पण ज्याचा खटला पडद्यावर चालतो, त्याला ना वकील मिळतो, ना साक्षीदार. निकाल मात्र जगभर लागू होतो. शार्क नावाच्या माशावर असा खटला गेली पन्नास वर्षे चालू आहे. माशाचा आणि आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. कारण या खटल्यात पुढे दुसरा आरोपी उभा केला गेला, तो म्हणजे किनाऱ्यावरचा कष्टकरी मच्छीमार. त्यालाही सुरुवातीला कुणी काही विचारले नाही.

पीटर बेंचली यांची 'जॉज' ही कादंबरी १९७४ साली आली आणि जून १९७५ मध्ये स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा त्याच नावाचा चित्रपट. एक पांढरा शार्क माणसांच्या मागे लागून एकेकाला ठार मारतो, अशी ही कथा. शास्त्र काय सांगते? जगभरात वर्षाकाठी शार्कने माणसाला स्वतःहून चावण्याच्या साधारण साठ-सत्तर घटना घडतात आणि त्यांत सरासरी सहा माणसे दगावतात. उलट माणूस वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा अंदाज २०१३ साली शास्त्रज्ञांनी मांडला. मारेकरी कोण, याचा हिशेब वाचकांनीच करावा!

बेंचली यांना पुढे पश्चात्ताप झाला. २००६ साली निधन होईपर्यंत ते समुद्र आणि शार्क यांच्या संरक्षणासाठी बोलत-लिहीत राहिले. स्पिलबर्ग यांनीही डिसेंबर २०२२ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत खेद व्यक्त केला. मात्र न्यायाने बोलायचे तर सगळा दोष एका चित्रपटावर टाकता येणार नाही. १९७० नंतर खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकट माशांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, असे २०२१ सालच्या अभ्यासात दिसले आणि त्याचे मुख्य कारण बेसुमार मासेमारी हे आहे. गळ आणि जाळी चित्रपटाने टाकली नाहीत. चित्रपटाने एवढेच केले, की शार्क मेला तर कुणाला वाईट वाटेनासे झाले. ज्याला आधीच राक्षस ठरवले, त्याच्या मरणाची चौकशी कोण करतो?

आणि अशा प्रतिमा केवळ मनात राहत नाहीत, त्या सरकारी धोरणात उतरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात काही माणसे शार्कच्या हल्ल्यांत दगावली. तेव्हा तिथल्या सरकारने २०१४ च्या आरंभी किनाऱ्यालगत आमिष लावलेले गळ सोडले. मुख्य संशयित होता पांढरा शार्क. गळाला १७२ शार्क लागले, त्यांपैकी ६८ मेले आणि पांढरा शार्क त्यांत एकही नव्हता! आरोपी सापडला नाही म्हणून त्याच्या जातभाईंना शिक्षा झाली. पुढे त्याच राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने ही मोहीम चालू ठेवण्याविरुद्ध सल्ला दिला.

मनोरंजनाचे सोडा, विज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या वाहिन्या तरी काय करतात? ऑगस्ट २०१३ मध्ये डिस्कव्हरी वाहिनीने आपल्या 'शार्क वीक'ची सुरुवातच मेगालोडॉन अजून जिवंत आहे का, या कार्यक्रमाने केली. हा प्रचंड शार्क सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. कार्यक्रमात शास्त्रज्ञ म्हणून दाखवलेली माणसे नट होती आणि खुलासा क्षणभर पडद्यावर झळकला. याला विज्ञान म्हणायचे, की विज्ञानाचा कोट घातलेली अंधश्रद्धा?

आता आपल्याकडे येऊ. गुजरातमध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो. हा जगातला सर्वांत मोठा मासा, बारा मीटर आणि त्याहूनही लांब. तो पाणी गाळून प्लवकासारखे सूक्ष्म जीव खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावायला वापरत. पुढे परदेशात मांसाला भाव आला आणि शिकार वाढली. माइक पांडे यांनी ही शिकार 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटात २००० साली दाखवली. त्याचा परिणाम झाला. मे २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. एका कॅमेऱ्याने 'जॉज'च्या नेमके उलट काम केले, याबद्दल पांडे यांना श्रेय दिलेच पाहिजे.

पण या निकालातही एक पक्ष गैरहजर होता. अशा चित्रांमधून प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो भाला धरलेला हात. त्या हाताला काम देणारा व्यापारी, माल बाहेर पाठवणारा निर्यातदार, होडीवरचे कर्ज, हे लक्षात राहत नाही. कायदा मोडला तर तीन ते सात वर्षांची कैद, ती त्या हातालाच! जुलै २००१ मध्ये तर केंद्राने यच्चयावत शार्क आणि पाकट पहिल्या अनुसूचीत टाकले. आपल्या कोकणातल्या बाजारात विकली जाणारी मुशी किंवा मोरी म्हणजेही शार्कच. टोपलीत मोरी घेऊन बसलेली कोळीण एका अधिसूचनेने गुन्हेगार ठरणार होती. मच्छीमारांनी विरोध केला आणि डिसेंबर २००१ मध्ये ही बंदी मोजक्या प्रजातींपुरती मर्यादित करावी लागली. आधी विचारले असते, तर ही वेळ आली नसती.

विचारल्यावर काय घडते, तेही सौराष्ट्रानेच दाखवले. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने वन विभागाला सोबत घेऊन तिथे मोहीम सुरू केली. कथाकार मोरारी बापूंनी या माशाला 'व्हाली', म्हणजे माहेरी आलेली लाडकी लेक, म्हटले आणि त्याचा गाजावाजा माध्यमांनी भरपूर केला. परंतु केवळ प्रवचनाने जाळे कापले जात नाही. जाळे कापणे म्हणजे मच्छीमाराने आपल्या पोटावर सुरी चालवणे. वन विभागाने कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली, हे खरे वळण होते. त्यातही सुरुवातीला अधिकारी येऊन खात्री करीपर्यंत मासा जाळ्यात तडफडत राही. मग मच्छीमारांच्याच हातात कॅमेरे देण्यात आले. त्यांनी मासा सोडवायचा, फोटो काढायचा आणि तो पुरावा म्हणून सादर करायचा. आजवर ९०० हून अधिक व्हेल शार्क गुजरातच्या मच्छीमारांनी सुखरूप सोडले आहेत.

या गोष्टीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कालपर्यंत ज्याच्यावर कॅमेरा रोखला होता, त्याच्याच हातात कॅमेरा गेला. आरोपी साक्षीदार झाला आणि त्याची साक्ष ग्राह्य धरली गेली. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून दुर्मीळ सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला छायाचित्राच्या पुराव्यावर भरपाई देण्याची योजना आली. तिची कमाल मर्यादा पंचवीस हजार रुपये ठरवली गेली. जाळ्याची किंमत आणि बुडालेला दिवस धरला तर ही रक्कम पुरते का, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

संविधानाचे कलम ५१क (छ) प्रत्येक नागरिकाला सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगायला सांगते. त्याच संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले. ही दोन कलमे एकमेकांविरुद्ध लढवण्याची गरज नाही. लढवतात ती अर्धेच चित्र दाखवणारी माध्यमे. म्हणून वाहिनीवर 'राक्षसी मासा' किंवा 'क्रूर मच्छीमार' असा मथळा दिसला, की लगेच मान डोलावू नका. हे चित्र कुणी काढले, चौकटीबाहेर कोण उभा आहे आणि त्याला बोलू दिले का, हे आधी विचारा. दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निकाल नाही, हा न्यायाचा पहिला नियम आहे. तो माणसालाही लागू आहे आणि माशालाही!