गाणं भीमाचं, घाम शाहिराचा, मग पैसा कंपनीचा कसा?

एप्रिल उजाडला की विक्रोळीत कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाईट, कुठेही जा, कानावर भीमगीतंच पडतात. स्पीकर लावणाऱ्या पोरांना विचारा, हे गाणं लिहिलं कुणी? गायकाचं नाव एखादा सांगेल. गीतकाराचं नाव सांगणारा विरळाच. आणि त्या गाण्याच्या कमाईतून गीतकाराच्या घरी काय गेलं, हा सवाल तर कुणी करतच नाही. आम्ही तो करतो आहोत.

"भीमगीत समाजाचं आहे, त्यावर मालकी कसली?" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ऐकायला हे मोठं क्रांतिकारक वाटतं. पण मित्रांनो, गायकाने स्वतः गायलेलं गाणं स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकलं की कंपनीचा क्लेम येतो आणि जाहिरातीचा पैसा तिकडे वळतो. तेव्हा ते गाणं समाजाचं का राहत नाही? म्हणजे त्याग शाहिराने करायचा आणि मालकी कंपनीने भोगायची!

ही रीत आपल्याला नवी नाही. गावगाड्यात हलगी वाजवणाऱ्याला मजुरी नव्हती, बलुतं होतं. काम हे त्याचं कर्तव्य आणि मोबदला ही देणाऱ्याची मर्जी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते याच व्यवस्थेवर घाव घालायला. आज स्टुडिओत हातावर एकरकमी बिदागी ठेवून 'सर्व हक्क कायमचे' लिहून घेतात. हे बलुतंच आहे, फक्त स्टॅम्पपेपरवरचं.

कायदा मात्र शाहिराच्या बाजूने बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा पहिला मालक गीतकार, चालीचा संगीतकार. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्ट केलं की अल्बमसाठी हक्क लिहून दिला तरी रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा गीतकार-संगीतकाराचा अधिकार जात नाही. व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर गायकाचाही हक्क आहे. आणि कलम ५७ सांगतं, हक्क विकला तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा अधिकार कुणी काढून घेऊ शकत नाही.

त्या दुरुस्तीसाठी सिनेमावाले लढले. जावेद अख्तर राज्यसभेत बोलले. आपल्या शाहिरापर्यंत तो कायदा कोण पोहोचवणार?

कलाकृती समाजाची होण्याची वाटही कायद्यातच आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ती सर्वांची होते. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून असेच सर्वांचे झाले. वामनदादा कर्डक गेले १५ मे २००४ रोजी. म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. जिथे त्यांनी तो लेखी दिला नसेल तिथे तो वारसांचा आहे, कॅसेट काढणाऱ्याचा नाही.

कुणी म्हणेल, मग मिरवणुकीत गाणाऱ्या पोरालाही पैसे मागणार का? नाही. आमचं भांडण गाणाऱ्या गळ्याशी नाही, गल्ल्यावर बसलेल्याशी आहे.

शाहिराच्या एका जलशाची बरोबरी बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांशी केली, हे प्रत्येक स्टेजवरून सांगितलं जातं. तेच स्टेज गीतकाराचं नाव घेत नाही आणि गायकाचं मानधन कार्यक्रमानंतर घासाघीस करून ठरवतं. हे थांबलं पाहिजे. जयंती मंडळांनी बॅनरवर गीतकार-संगीतकाराची नावं छापावीत आणि मानधन आधी लेखी ठरवावं. वस्तीतल्या वकील पोरापोरींनी शाहिरांचे जुने करार काढून वाचावेत. आणि नव्या गायकांनो, मुदत आणि रॉयल्टी लिहिलेली नसेल त्या कागदावर सही करू नका.

ज्यांनी आपल्याला हक्क मागायला शिकवलं, त्यांची गाणी गाणाऱ्यांनी बिदागीवर का जगायचं?

जयभीम!