पूजा पोथीची, काटा रद्दीवाल्याचा



श्रुतपंचमीला आपण कपाट उघडतो, ग्रंथ बाहेर काढतो, धूळ झटकतो, जुनी वेष्टनं काढून नवी घालतो, अर्घ्य वाहतो. आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याच घरातलं दुसरं कपाट रिकामं करून रद्दीवाल्याला हाक मारतो. त्या दुसऱ्या कपाटात सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची पुस्तकं असतात. शेतीची, इतिहासाची, झाडपाल्याची, प्रवासाची, हिशेबाची, कुणाकुणाची चरित्रं. धर्माची नाहीत म्हणून त्यांना वेष्टन नाही. कथा-कादंबऱ्या नाहीत म्हणून त्यांना वाचकही नाही. किलोला दहा-पंधरा रुपयांनी ती जातात, आणि घर मोकळं झालं म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो.

हे मला मान्य नाही, आणि आज ते स्पष्टच लिहिते. घरात काय ठेवायचं नि काय काढायचं हे बहुतेक घरांत आपणच ठरवतो. त्यामुळे याचा जाबही आपल्यालाच विचारला पाहिजे.

मंडळात हा विषय काढला की तीन उत्तरं ठरलेली असतात. एकेकाचा हिशेब करू.

पहिलं उत्तर: ‘त्यातली माहिती जुनी झाली.’ मी कॉमर्सची. घसारा काय असतो ते मला शिकवायला नको. यंत्राची, गाडीची, फर्निचरची किंमत दर वर्षी कमी करत जायची असते. पण जमिनीवर घसारा लावत नाहीत. पुस्तकांतही हे दोन प्रकार असतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या आयकराच्या मार्गदर्शकातले दर आज निरुपयोगी. जुन्या वैद्यकाच्या पुस्तकात बघून कुणी औषधाचं प्रमाण ठरवू नये, हेही खरं. पण माणसं कशी राहत होती, काय पिकवत होती, कुणाचं देणं कसं फेडत होती, हे ज्यानं डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं, त्याची किंमत दर वर्षी वाढते. कारण ते पाहिलेलं माणूस आता उरलेलं नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. बलुतेदार कोण, त्यांचा वाटा कसा ठरे, फिरस्ते गावात येऊन काय मागत, सगळं त्यात आहे. आपल्यापैकी किती घरांची दुकानदारी नि शेती त्याच गावगाड्यावर उभी राहिली! आपल्या आजोबांच्या चोपड्या समजून घ्यायच्या तर हे पुस्तक लागतं.

दुसरं उदाहरण माझ्या विषयातलं. लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ नावाचं पुस्तक लिहिलं. विषय अर्थशास्त्र. मुंबई-ठाणे आगगाडी धावली १८५३ ला, मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ ला. म्हणजे आगगाडी आणि विद्यापीठ यायच्याही आधी मराठीत संपत्ती म्हणजे काय, व्यापार म्हणजे काय यावर पुस्तक होतं. मी बी.कॉम. झाले ते इंग्रजी व्याख्या घोकून. या पुस्तकाचं नावसुद्धा वर्गात कुणी घेतलं नाही. आता आपल्या नातींना वाटतं, मराठी फक्त भजनाला आणि भांडणाला. पैशाचं बोलायचं तर इंग्रजीच हवं. हा समज त्यांनी कुठून घेतला? आपल्या रिकाम्या कपाटांतून.

दुसरं उत्तर: ‘हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं.’ सगळं मिळत नाही. कुणीतरी जपलेलं आणि मग कुणीतरी स्कॅन केलेलं तेवढंच मिळतं. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आज घरबसल्या बघता येतात, ते कुणीतरी इतकी वर्षं ते जाडजूड खंड सांभाळले म्हणून. आधी कागद टिकायला लागतो, मोबाईल नंतर.

याचं सर्वात बोलकं उदाहरण एका बाईचंच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना नावं ठेवली, तेव्हा ही बाई संतापून लिहायला बसली. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. आणि मग पुस्तक विस्मरणात गेलं, ते थेट १९७५ पर्यंत. त्या वर्षी स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. आज देशाबाहेरच्या विद्यापीठांतही ते शिकवतात. मधल्या नव्वदेक वर्षांत उरलेल्या प्रतीही कुणा नीटनेटक्या गृहिणीनं काट्यावर घातल्या असत्या, तर मालशे काय छापणार होते?

आमच्या भागातल्या एका वाचनालयानं इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी दोन कपाटं जुनी पुस्तकं टेम्पोत घालून विकली. ‘वीस वर्षांत कुणी मागितली नाहीत’ हे कारण. नोंदवहीत नावं आहेत, पुस्तकं नाहीत. गावच्याच छापखान्यात छापलेली, दुसरीकडे कुठे प्रत असेल-नसेल अशी काही त्यात होती. त्या समितीत चार बायका होत्या. एकीनंही ‘आधी यादी वाचू’ म्हटलं नाही.

तिसरं उत्तर जरा सोवळं असतं: ‘ती काही आपली पुस्तकं नव्हेत.’ म्हणजे जिनवाणी नव्हे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ घ्या, हजार पाकक्रियांचं. त्यात मांसाहारी पदार्थ आहेत म्हणून मला एकीनं नाक मुरडून दाखवलं. ती पानं उलटा की! बाकीच्या पानांतून त्या काळचं घर, भांडी, मापं, चुली दिसतात. इरावती कर्वे म्हटलं की सगळ्यांना ‘युगान्त’ आठवतं. त्यांचं १९५१ चं ‘मराठी लोकांची संस्कृती’ किती घरांत उघडलं गेलं? मराठी लोकांत आपण येत नाही का?

आणि जिनवाणीचंच म्हणाल तर तिचीही गोष्ट ऐका. धवला टीकेची ताडपत्रं मूडबिद्रीला शतकानुशतकं होती. लोक यात्रेला जात, दर्शन घेत, परत येत. लिपी जुनी कन्नड, वाचणारे विरळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ताडपत्रं झिजून जाण्याआधी, नक्कल करून घेण्याची खटपट सुरू झाली. त्यात आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद होते. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला छापील खंड अमरावतीहून निघाला १९३९ साली. सोळावा निघाला १९५८ ला. नुसतं दर्शनच घेत राहिलो असतो तर आज त्या ताडपत्रांचा भुगा पुजत बसलो असतो. वेष्टन बदलण्याच्या प्रथेतही हेच शहाणपण आहे: वर्षातून एकदा ग्रंथ उघडा, कीड लागली का बघा, पान गळलं का बघा. आपण वेष्टन तेवढं ठेवलं आणि उघडणं सोडून दिलं.

तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरणाची कारणं सांगितली आहेत. ज्ञान लपवणं, त्यात अडथळा आणणं, त्याचा अनादर करणं. स्वाध्यायात आपण ती पाठ म्हणतो. पुस्तकाला पाय लागला तर हात कपाळाला लावतो. मग काट्यावर फेकताना हात कुठे असतो?

सगळं ठेवा असं मी म्हणत नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माणसांनाच जागा नाही, हे मला ठाऊक आहे. मुलांची जुनी गाइडं द्या, जुनी मासिकं निवडून द्या. पण बाकीच्या प्रत्येक पुस्तकाला रद्दीत टाकण्याआधी अर्धा तास द्या. मुखपृष्ठानंतरचं पान बघा: साल, छापखाना, गाव. प्रस्तावना वाचा, मधली वीस पानं वाचा. समासात सासऱ्यांनी पेन्सिलीनं काही लिहिलंय का तेही बघा. छापखाना छोट्या गावचा असेल किंवा पुस्तक बाईनं लिहिलेलं असेल, तर ते मुळीच सोडू नका.

ठेवायचं तर सावलीत वारा द्या, सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल कोंडते. कपाट कोरडं राहिलं की कसर लागत नाही, आणि फवारे मारून जीवहिंसा करायची वेळ येत नाही. लाकडाच्या लगद्याचा जुना कागद आंबटपणानं आपोआपच ठिसूळ होतो, घडीवर तुटतो. म्हणून घाई करायला हवी. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर आपल्या कायद्यानं ते पुस्तक सर्वांचं झालेलं असतं. नातवाला बसवा आणि फोनवर पानापानाचे फोटो काढून घ्या. ठेवायला जागाच नसेल तर इतिहासाचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला आधी यादी पाठवा, मग पुस्तकं.

येत्या श्रुतपंचमीला मंडळात माझा एक ठराव असेल. प्रत्येकीनं घरातलं एक जुनं, धर्माबाहेरचं पुस्तक आणायचं आणि त्यात काय आहे ते दहा मिनिटं उभं राहून सांगायचं. ‘मला बोलता येत नाही’ ही सबब चालणार नाही. रद्दीवाल्याशी भावाची घासाघीस करताना सगळ्यांना चांगलं बोलता येतं.