सरड्याची बाजू

आज एक व उद्या दुसरे बोलणाऱ्या मनुष्यास आपण 'सरड्यासारखे रंग बदलणारा' म्हणतो. मुलांनो, ही उपमा मला अन्यायाची वाटते.

आमच्या केडगावात वळवाचा पाऊस पडून गेला, की कुंपणाच्या काट्यांवर सरडे दिसू लागतात. नराचे डोके व गळा तेव्हा लाल होतो. हा रक्त पितो, असे म्हणून मुले दगड उचलतात. वस्तुतः किडे हेच त्या बिचाऱ्याचे अन्न! तो विणीचा हंगाम असतो आणि 'ही जागा माझी' एवढेच तो इतर नरांस रंगाने बजावत असतो. दगड खाली टाकून थोडा वेळ पाहा. दुसरा नर जवळ आला, की तो मान हालवतो, जोर काढतो, त्याचा गळा अधिकच लाल होतो. हरलेल्याचा रंग उतरतो. ढोंगी मनुष्य मनातले लपवतो, सरडा ते अंगावर दाखवतो. मग दोघांत साम्य ते कोणते?

त्याचा दूरचा भाऊबंद शॅमेलिऑन या विद्येत अधिक निष्णात आहे. मादागास्कर बेटावरील शॅमेलिऑनच्या रंगपालटाचे मर्म २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उलगडले. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. तो शांत असता ते दाटीने बसून निळा प्रकाश परतवतात; त्यात कातडीतील पिवळी छटा मिसळते व तो हिरवा दिसतो. प्रतिस्पर्धी समोर आला, की स्फटिकांतील अंतर वाढते आणि तो पिवळा, नारिंगी होतो. नवा रंग कोठून आणावा लागत नाही!

दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, त्या नीलकंठाच्या पिसांतही निळे रंगद्रव्य नसते. ती निळाई पिसाच्या सूक्ष्म रचनेची. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३४ साली या पिसांच्या रंगांवर निबंध लिहिला होता.

रचनेतून उपजणारा असा रंग माणसाने आता लवचीक धाग्यात उतरवला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली तो पायाला आवळून बांधण्याच्या पट्टीत घालून दाखवला. ही कल्पना त्यांना एका रानफळाच्या निळ्या चकाकीवरून सुचली. दोन पारदर्शक, रबरासारख्या पदार्थांचे पातळ थर गुंडाळून हा धागा होतो. तो ताणला, की थर आणखी पातळ होतात व रंग पालटतो. पट्टी सैल राहिली तर तिचा उपयोग नाही. फार आवळली तर रक्त अडते. ताण योग्य झाला की नाही, हे परिचारिकेला धाग्याचा रंग पाहून कळते.