फासे, पण आणि वाचनालयाचं सभागृह

मंडळी, आज जरा तावातावाने लिहिणार आहे. नातेवाइकांनी रक्तदाबाची चौकशी करू नये, गोळी घेतलेली आहे.

विषय असा. पुण्यात आमच्या भागातल्या एका वाचनालयाने (नाव मुद्दाम लिहीत नाही, मी तिथली आजीव सभासद आहे) काही तरुण मुलामुलींना सभागृह नाकारलं. ही मुलं व्हिडिओ गेम बनवतात. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी जमायचं, एकमेकांचे अर्धेकच्चे गेम खेळून बघायचे, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, एवढाच त्यांचा बेत. भाडं द्यायलाही तयार होती. उत्तर तोंडी मिळालं: "सरस्वतीच्या मंदिरात जुगार नको."

वा! आणि कोजागिरीला त्याच सभागृहात तिकीट लावून हौजी होते, ते काय असतं? "फुल हाउस" म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारे गृहस्थ कार्यकारिणीतलेच आहेत. मसाला दूध प्यायलं की जुगाराचं पुण्य होतं की काय, कोण जाणे.

असो. मुद्द्यावर येते.

पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे शब्द नीट वापरावेत असा माझा हट्ट असतो. खेळ आणि जुगार हे समानार्थी शब्द नाहीत. युधिष्ठिर फाशांमुळे बुडाला नाही, त्याने जो पण लावला त्यामुळे बुडाला. दान टाकूनच आपल्याकडे मोक्षपटही खेळत. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्यातल्या घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं असत, चुकीच्या घरात पडलात की साप खाली आणायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात त्याची सापशिडी झाली आणि मोक्ष तेवढा गळून पडला. दान तिथेही आणि इथेही. फरक फक्त पणाचा!

आमच्या समितीला जे कळत नाही ते संसदेला कळलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना उत्तेजन द्यायचंही म्हटलं आहे. म्हणजे सरकारने गहू आणि खडे वेगळे केले. आमच्या वाचनालयाने अख्खं सूपच फेकून दिलं.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला यातलं काय कळतं? भाचीच्या मुलाबरोबर मी दोनदा या संध्याकाळी जाऊन आले आहे. सध्या ती एका कॅफेत भरते. तिथे बसायचं तर दोनशे रुपयांची कॉफी घ्यावी लागते. दोन मुलं म्हणे एक कप अर्धा अर्धा करतात.

तिथली एक रीत मला फार आवडली. ज्याने गेम बनवला आहे त्याने मागे उभं राहायचं आणि तोंड मिटून बघायचं. खेळणारा कुठे अडतो, कुठे कंटाळतो, ते वहीत टिपायचं, समजावून सांगायचं नाही. एका मुलीने गच्चीवरच्या पापडांचा गेम केला होता: कावळे येतात, मग अवचित पाऊस येतो, पापड वाचवायचे. खेळायला बसलेला मुलगा एकेक पापड उचलत बसला. साडीची चारी टोकं धरून सगळे एकदम उचलता येतात, हे त्याला सुचेचना! ती बिचारी ओठ चावत उभी, पण बोलली नाही. निबंध लिहिणाराही बाईंच्या शेजारी उभा राहून "मला असं म्हणायचं होतं" असं सांगू शकत नाही, नाही का? वर्गात हे शिकवताना माझी हयात गेली.

आता तक्रार या मुलांबद्दल. पापड आपले, कावळे आपले आणि पडद्यावरची सगळी वाक्यं इंग्रजी! विचारलं तर म्हणाली, "आजी, मराठीत कोण खेळणार?" का नाही खेळणार? 'वेन्बा' नावाचा गेम २०२३ साली टोरांटोच्या एका छोट्या गटाने काढला. कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, आईची फाटकी पाककृतीची वही, पुसलेल्या ओळी अंदाजाने भरून करायच्या इडल्या. तमिळ कुटुंबाची, तमिळ मुलखाची गोष्ट. २०२४ मध्ये त्याला बाफ्टा मिळालं. आणि आपल्या पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. इथली गोष्ट जगात चालते. मग इथली भाषा वाचनालयाच्या दाराशीच का अडावी? ही मुलं पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसली, समोर आमच्यासारखे चार म्हातारे बसले, तर मराठी आपोआप आत शिरेल. कॅफेत ती शिरणार नाही.

व्यसनाचं म्हणाल तर ते मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत गेमचं व्यसन आहे. पण ते व्यसन दार लावून, एकट्याने, रात्ररात्र जागून वाढतं. इथे वीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, भांडतात, चुका दाखवतात. पोरं घराबाहेर पडत नाहीत म्हणून आपणच रडायचं, आणि पडली की आपणच कडी घालायची?

राहिला सभागृहाचा मान. एकेकाळी नाटकवाल्यांना कोणी घर भाड्याने देत नसे. आज त्यांच्याच तसबिरी आमच्या सभागृहात लावल्या आहेत. महिन्यातल्या वीस संध्याकाळी त्या तसबिरींखाली रिकाम्या खुर्च्या असतात. मान राखला जातो तो हा!

तेव्हा पुढच्या महिन्याच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. महिन्यातला एक शनिवार, सहा ते नऊ, नेहमीचं भाडं, पैसे लावून कोणताही खेळ होणार नाही ही अट लेखी. (ही अट हौजीलाही लावा, अशी उपसूचना कोणी आणली तर माझी हरकत नाही.) ठरावाची सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे. सभासद असलेल्या चुलत-मावस मंडळींनी फोन करावा. दुपारी एक ते चार सोडून.